मुलीला अकरावी सायन्स ऑनलाइन द्यायचं का? 'ॲक्रेडिटेड' म्हणजे नक्की काय असतं?

टॉवेलवाला
नमस्कार मंडळी. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो, राहायला अशोक चौकाच्या पुढं. मुलीची दहावी झाली मार्चमध्ये, सेमी इंग्लिश. रिझल्ट यायचाय पण पोरगी अभ्यासात बरी आहे आणि तिला फिजिक्सच करायचंय म्हणते. डॉक्टर नको, इंजिनियर नको, फिजिक्स. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं सायन्स कुणी बघितलेलं नाही त्यामुळं मला यातलं ओ की ठो कळत नाही, आधीच सांगून ठेवतो.

झालंय असं की पेपर संपून आठ दिवस नाही झाले तोवर एका ऑनलाइन कोर्सवाल्या कंपनीच्या बाईंचा फोन, नंबर कुठून मिळाला देव जाणे. मग रविवारी एक मुलगा टॅब घेऊन घरीच आला. बायकोनं पोहे केले, त्यानं टॅबवर माणसाचं हृदय गोल गोल फिरवून दाखवलं. मुलगी म्हणते मला करंट आणि मॅग्नेटचं दाखवा, तर हा परत हृदयच फिरवतोय. म्हणाला आमचा कोर्स 'इंटरनॅशनली ॲक्रेडिटेड' आहे, कॉलेजला जायची गरजच नाही, घरबसल्या बारावी सायन्स होते. दोन वर्षांचे ९२,००० रुपये, नाहीतर ३,८३४ चे २४ हप्ते. पत्रकावर सोनेरी शिक्का आहे, त्यात इंग्रजीत बारीक काहीतरी लिहिलंय, भिंग लावूनही वाचता येईना.

तर हे ॲक्रेडिटेड म्हणजे सरकारमान्य का? आणि सायन्स घरबसल्या खरंच होतं का? परवापर्यंत भरले तर १५ टक्के सूट आहे म्हणतो, म्हणून जरा घाई आहे.

सातरस्ता_४१३००१
परवापर्यंत सूट आहे म्हणजे परवानंतर भरा. ती सूट कुठं जात नाही, गेली तर माझं नाव बदला.

शेंगाचटणी
दादा मी तुमच्या जागी काही वर्षांपूर्वी होते म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या मुलाला असाच एक कोर्स घेतला, कंपनीचं नाव घेत नाही. हप्ता हप्ता म्हणतात तो हप्ता त्या कंपनीचा नसतोच, तुमच्या नावावर एका फायनान्स कंपनीचं कर्ज काढलेलं असतं. आधार, पॅन, एक ओटीपी, झालं. मला तर ओटीपी कशाचा तेसुद्धा कळलं नव्हतं, मला वाटलं लॉगिनचा आहे. तीन महिन्यांनी मुलगा म्हणाला आई मला त्यातलं काही कळत नाही, बंद कर. मी फोन केला, कोर्सवाले म्हणाले बंद केला मॅडम, आणि पुढच्या ५ तारखेला खात्यातून पैसे परत गेले! कोर्स बंद, कर्ज चालू. फायनान्सवाले म्हणतात आम्ही पैसे कंपनीला दिलेत, तुम्ही त्यांच्याशी बघा. कंपनी म्हणते रिफंडची मुदत १५ दिवस होती, पान नंबर अमुकवर लिहिलंय.

शेवटी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे तिथं तक्रार टाकली, मग कुठं निम्मे सुटले. केंद्राच्या शिक्षण खात्यानं २०२१ च्या डिसेंबरमध्येच पालकांना सांगितलं होतं की असल्या कंपन्यांना ऑटो डेबिट देऊ नका, सही करताना नीट वाचा. ते मी २०२३ मध्ये वाचलं, पैसे गेल्यावर.

तर त्या टॅबवाल्याला कुठलाही ओटीपी देऊ नका. पोहे दिले तेवढे बास.

टॉवेलवाला
ताई बरं झालं सांगितलंत. त्यानं पॅन कार्डाचा फोटो घेतलाय. ओटीपी अजून नाही दिला.

शेंगाचटणी
मग आजच मेसेज टाकून कळवा की मला कर्ज नकोय, माझी कागदपत्रं वापरू नका. लेखी टाका, फोनवर नको.

निवांत_मास्तर
मी एका ज्युनियर कॉलेजात ३१ वर्षं फिजिक्स शिकवलं, आता रिटायर. फिजिक्स करायचंय म्हणणारी पोरगी या गावात वर्षाला एखादीच भेटायची, म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळू नका.

ॲक्रेडिटेड, मान्यताप्राप्त, संलग्न, सर्टिफाइड, हे चारही शब्द ही विक्रीची पोरं एका दमात घेतात आणि आपल्याला वाटतं चारही एकच. त्या सोनेरी शिक्क्यात बहुतेक आयएसओ ९००१ असेल. त्याचा अर्थ कंपनीचं कामकाज ठरवून दिलेल्या पद्धतीनं चालतं, बास. टॉवेलवाले, तुमच्या एमआयडीसीत कितीतरी कारखान्यांच्या गेटवर तोच बोर्ड असतो. म्हणून टॉवेलचा कारखाना बारावीचं मार्कशीट छापू शकतो का?

आता इंटरनॅशनल ॲक्रेडिटेशन. ते दरवेळी खोटं असतं असं नाही. अमेरिकेत आपल्यासारखं एक राज्य बोर्ड सगळ्यांची परीक्षा घेतंय असा प्रकार नाही, शाळाच डिप्लोमा देते. मग शाळा बरी का वाईट ते तपासायला कॉग्निया, डब्ल्यूएएससी अशा संस्था आहेत, त्या ॲक्रेडिटेशन देतात, तिकडच्या ऑनलाइन हायस्कूललासुद्धा देतात. तिथं त्याला किंमत आहे. पण ते घेऊन तुम्ही इथं कॉलेजात गेलात की ते विचारणार भारतातल्या बारावीच्या बरोबरीचं आहे का, त्याचा कागद आणा. तो कागद वेगळा काढावा लागतो, आणि त्याच्या अटी असतात. अमेरिकेत राहून आलेल्यांसाठी ते ठीक. अशोक चौकातून सिद्धेश्वर तलावाला जायला न्यूयॉर्कमार्गे कशाला जायचं?

त्या मुलाला एकच विचारा, मार्कशीट कोण देणार? कोर्स, ॲप, टॅब, सर कोण आहेत, आयआयटीचे आहेत का, हे सगळं नंतर. आपल्याकडं बारावीचं मार्कशीट देणारे मोजके: आपलं राज्य मंडळ (सोलापूर पुणे विभागात येतं), सीबीएसई, आयसीएसईवाल्यांचं कौन्सिल, आणि मुक्त शिक्षणात एनआयओएस. इतर राज्यांची बोर्डं आहेत, परदेशीही काही आहेत, पण आपल्याला हीच. यातलं नाव त्यानं सांगितलं नाही तर तो ९२,००० ला शिकवणी विकतोय, बारावी नाही. शिकवणी विकणं गुन्हा नाही, पण मग तिला शिकवणी म्हणावं आणि मुलीला कॉलेजात वेगळी ॲडमिशन घ्यावीच लागणार हेही सांगावं.

सातरस्ता_४१३००१
मास्तर, न्यूयॉर्कमार्गे 😂😂

गड्डाप्रेमी
यात आणखी एक भानगड आहे जी कुणी सांगत नाही. माझ्या साडूच्या मुलाला असल्याच एका पॅकेजमध्ये बारावी करून दिली, बोर्ड खरं होतं, मार्कशीट खरं होतं, फक्त शाळा दुसऱ्या राज्यातली. पोराला नीट या मेडिकलच्या परीक्षेत मार्क चांगले पडले. मग कळलं की महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यातून एमबीबीएसला जायचं तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली पाहिजे. राहिलं काय, १५ टक्के ऑल इंडिया. दहावीपर्यंत पोरगं नव्या पेठेत वाढलेलं आणि कागदावर परराज्यातलं. साडू अजून त्या विषयावर बोलत नाही, आम्ही गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, भेटतो तेव्हा भाग्यश्री थाळीवर बोलतो.

टॉवेलवाले, तुमच्या मुलीला डॉक्टर नको हे माहितीय, पण सतरा वर्षांची पोरं मत बदलतात हो.

कडकभाकरी
मला एक कळत नाही, कॉलेज असताना ऑनलाइन पाहिजेच कशाला? लॉकडाऊनमध्ये बघितलं ना दोन वर्षं. आमचा पुतण्या खोलीत बसून लेक्चर दीडपट स्पीडनं लावायचा, एका कानात सर आणि दुसऱ्या कानात पबजी. वहिनी बाहेरून म्हणायची हळू बोला, बाबू शिकूलालाय. बाबू कशाचं शिकूलालाय! पोरं बेंचवर बसली पाहिजेत, शेजारी दुसरं पोरगं पाहिजे, मास्तरचा खडू डोक्यात बसला पाहिजे. बाकी सगळं धंदा आहे बे.

निवांत_मास्तर
खडू मी पण मारलेत कडकभाकरी, त्यानं कुणाला लेन्झचा नियम कळल्याचं आठवत नाही. बेंचचं म्हणाल तर आज कितीतरी कॉलेजांत अकरावीचे बेंच रिकामे असतात, पोरं क्लासमध्ये आणि कॉलेजात नुसतं नाव. बोर्डाचा ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, सीबीएसईनं तर डमी ॲडमिशनवर शाळांना नोटिसा काढल्या. तरी चालूच आहे. म्हणजे बेंचवर बसवायचं म्हटलं तरी बेंच आधी बघून यावा लागतो.

तलावातला_मासा
काका मी स्वतः एनआयओएसमधून बारावी सायन्स केलेला आहे त्यामुळं बोलतो, इथं सगळे अंदाजपंचे बोलतायत. मी स्विमिंग करायचो, सकाळी तीन तास संध्याकाळी दोन तास, कॉलेज जमणं शक्यच नव्हतं.

एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान, १९८९ ला सुरू झालं, केंद्र सरकारचं. हे खरं बोर्ड आहे, ॲप नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एकदा नाव घातलं की ५ वर्षं चालतं, एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. इंजिनियरिंगच्या जेईईला चालतं, फक्त पाच विषय पाहिजेत. नीटचं आधी कोर्टात अडकलं होतं, २०१८ ला दिल्ली हायकोर्टानं मुक्त शाळेवाल्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि २०२४ ला सुप्रीम कोर्टातही तेच टिकलं.

पण 'एका वर्षात बारावी' म्हणून रिक्षाच्या मागं जाहिराती असतात ना, त्यावर जाऊ नका. दहावी पास झाल्यावर दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय बारावीचं पूर्ण सर्टिफिकेट हातात येत नाही.

आता वाईट बाजू. पुस्तकं येतात, असाइनमेंट द्यावी लागते, पण शिकवणारं रोज कुणी नाही. अभ्यासकेंद्रावर संपर्क वर्ग असतात म्हणे, माझ्या केंद्रावर मला एकदाच सर भेटले, ते पण लग्नाला निघाले होते. प्रॅक्टिकलसाठी मला पुणं मिळालं होतं, पहाटे हुतात्मा एक्सप्रेस पकडायची आणि रात्री परत. स्टेशनवर आई टिफिन देऊन म्हणायची फिजिक्स का केमिस्ट्री आज, आणि मला खरंच माहीत नसायचं. मी पास झालो, ६८ टक्के, मला तेवढं बास होतं कारण मला स्पोर्ट्सवर ॲडमिशन मिळणार होती. तुमच्या मुलीला फिजिक्सच करायचंय तर मी म्हणेन एनआयओएस शेवटचा पर्याय ठेवा. ज्याला रोज कॉलेजला जाता येत नाही, आजारपण आहे, खेळ आहे, त्याच्यासाठी तो आहे आणि चांगला आहे.

टॉवेलवाला
सगळ्यांचे आभार, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. मी काल त्या कंपनीला फोन लावला. मास्तरांनी सांगितलं तसं विचारलं, मार्कशीट कोण देणार. ती बाई म्हणाली, "सर ते बोर्डाचं आमची टीम मॅनेज करते." मी म्हणालो मॅनेज म्हणजे कुठलं बोर्ड? म्हणाली पार्टनर स्कूल आहे सर. म्हटलं कुठल्या गावात? मग दोन मिनिटं गाणं लावून ठेवलं, मग दुसरा एक जण आला, त्यानं एका लांबच्या राज्यातल्या गावाचं नाव घेतलं, मी कधी ऐकलेलं नाही. मी विचारलं प्रॅक्टिकल? तर म्हणाला, "सर, तुम्ही फारच निगेटिव्ह विचार करताय, तुमच्या मुलीच्या फ्युचरचा प्रश्न आहे." मी म्हणालो म्हणून तर विचारूलालोय. त्यानंच फोन कट केला.

मेसेज पण टाकला ताई, तुम्ही सांगितला तसा.

आता कॉलेजच घेणार. पण मुलीचं म्हणणं आहे की ऑनलाइन काहीतरी पाहिजेच कारण अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत आणि पुस्तक जाड. मग फुकट किंवा स्वस्तात, खऱ्या संस्थेचं काय आहे? आणि प्रॅक्टिकल घरी होतं का?

ब्युरेट_आणि_मी
प्रॅक्टिकलचं मी सांगते, मी केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट आहे, २२ वर्षं झाली ब्युरेट धुते, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची काचेची नळी.

आपल्या बोर्डात बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्हींना ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल. म्हणजे तीन विषयांचे मिळून ९० मार्क हातानं करायचे आहेत. गेल्या वर्षी एक मुलगा आला, हुशार, डोळ्यात चमक, म्हणाला मॅडम मी टायट्रेशन, म्हणजे ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून द्रावण मोजायचा प्रयोग, ऑनलाइन लॅबवर तीसेक वेळा केलंय. मी म्हटलं कर बाळ. त्यानं कॉक म्हणजे तोटी फिरवली आणि ॲसिडमध्ये कॉस्टिक सोडा धारेनं सोडला, कॉम्प्युटरवर माऊस दाबून धरतात तसा. रंग बदलून दाखवणारं फिनॉल्फथॅलिन होतं, फ्लास्क एका सेकंदात राणी कलरचा झाला, पैठणीसारखा. खरा एंड पॉइंट, म्हणजे जिथं थांबायचं तो रंग, इतका फिका गुलाबी की खाली पांढरा कागद धरल्याशिवाय दिसत नाही, आणि तो एका थेंबावर येतो. तो एक थेंब सोडायला डाव्या हाताची बोटं कॉकभोवती कशी गुंडाळायची, उजव्या हातानं फ्लास्क कसा हलवत राहायचा, हे त्याला चौथ्या वेळी जमलं. आणि आमच्या एका ब्युरेटचा कॉक गळतो, व्हॅसलीन लावून चालवतो. तो गळका कॉक कुठल्याही ॲपमध्ये नाही, पण परीक्षेला तुमच्या नंबरला तोच येऊ शकतो.

पण ऑनलाइन लॅब वाईट नाही हां. त्या मुलाला प्रक्रिया पाठ होती, कुठलं रसायन कशात, रीडिंग कुठून घ्यायचं, सगळं. बाकीची पोरं माझ्याकडं बघत उभी होती. ओलॅब्स म्हणून आहे, सी-डॅक आणि अमृता विद्यापीठानं केलेलं, नववी ते बारावी, मराठीत पण आहे, पैसे नाहीत. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी ते बघून या आणि मग लॅबला या, हे मी आता सगळ्यांना सांगते.

कॉलेज निवडताना लॅब बघायला मागा. नुसती कपाटं बघू नका. बेसिनला पाणी आहे का बघा, सोलापुरात पाणी चार-पाच दिवसांनी येतं आणि लॅबला टाकी नसेल तर पोरं सॉल्ट ॲनालिसिस वहीतच करतात. टेस्ट ट्यूब ओल्या आहेत का बघा. कोरड्या ठणठणीत आणि धूळ बसलेल्या असतील तर समजून जा.

कडकभाकरी
टेस्ट ट्यूब ओल्या आहेत का बघा. हे भारी आहे मॅडम. मी पोराच्या वेळी कॉलेजचं फक्त पार्किंग बघितलं होतं.

पूर्वभागातला_पोरगा
काका मी पण तुमच्याच बाजूचा. अम्मा विड्या वळते, घरात तेलुगू, शाळा मराठी, आणि अकरावीत पहिल्या दिवशी सरांनी व्हेक्टर म्हटल्यावर मी आजूबाजूला बघितलं की कोण आलंय. आता इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एक रुपयाचा कोर्स घेतला नाही, घ्यायला नव्हताच.

मी काय केलं ते सांगतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये ई-बालभारतीवर फुकट आहेत, पण छापील घ्या, जुनी नव्या पेठेत मिळतात. सीईटी या राज्याच्या प्रवेशपरीक्षेला पुस्तक सोडून कुठं जायचं नाही, एमएचटी-सीईटीत २० टक्के अकरावीचं आणि ८० टक्के बारावीचं असतं आणि आपल्याच बोर्डाचा अभ्यासक्रम धरतात. लई पोरं हिंदीतल्या मोठ्या सरांचे व्हिडिओ बघतात, ते केंद्राच्या एनसीईआरटी पुस्तकांवर असतात. धडे बरेचसे सारखे पण क्रम वेगळा, काही गोष्टी आपल्या पुस्तकात जास्त, काही कमी. मी पहिलं वर्ष त्यातच गोंधळलो.

मग स्वयम. केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आहे, २०१७ पासून. तिथं कॉलेजचे कोर्स जास्त पण अकरावी-बारावीचे पण आहेत, एनसीईआरटी आणि एनआयओएसचे. हे खऱ्या अर्थानं सरकारी संस्थेचे ऑनलाइन सायन्स कोर्स, आणि शिकायला फुकट. फक्त त्याचं सर्टिफिकेट म्हणजे बारावी नव्हे, कोर्स केल्याचा कागद. व्हिडिओ जरा झोप आणणारे आहेत, खरं सांगतो, पण त्याखाली जे लिहिलेलं असतं ते चांगलं असतं, मी व्हिडिओ बंद करून तेवढंच वाचायचो. जेईई-नीटवाल्यांसाठी आयआयटी कानपूरचं 'साथी' नावाचं पोर्टल आहे, ते पण फुकट.

आणि फिजिक्सवालीला फेट द्या, स्क्रीनवर प्रयोग करून बघायची साइट. कोलोराडो विद्यापीठाचं आहे, २००२ ला नोबेलवाल्या कार्ल वीमन यांनी चालू केलं, मराठीत पण आहे. त्यात सर्किट जोडायचं एक आहे, बॅटरी वायर बल्ब ओढून जोडायचे. मी पहिल्यांदा बॅटरीची दोन्ही टोकं नुसत्या वायरीनं जोडली आणि स्क्रीनवर बॅटरीनं पेट घेतला. अम्मा ओरडली मोबाईल जळाला म्हणून. शॉर्ट सर्किट काय असतं ते मला तेव्हा कळलं. आमच्या गल्लीत लूमच्या मोटरी वर्षाला दोनदा जळायच्या, पण का जळतात ते कुणी सांगितलं नव्हतं.

टॉवेलवाला
बाळा, मोटर जळाल्याची बिलं मीच लिहितो 🙂 पोरीला दाखवलं ते फेट, रात्री साडेअकरापर्यंत बसली होती. सकाळी मला विचारते बाबा आपल्या घरातले बल्ब सीरिजमध्ये का जोडत नाहीत. मी म्हटलं वायरमनला विचार.

निवांत_मास्तर
तिला सांगा घरात तीन सेल आणि टॉर्चचे दोन बल्ब घेऊन दोन्ही पद्धतीनं जोडून बघ, मग एक बल्ब काढ. वायरमन नको.

पूर्वभागातल्या पोरानं माझं निम्मं काम केलं. आता फिजिक्सच करायचंय म्हणून पुढचं. पुण्यात आयसर आहे, विज्ञान शिकायची केंद्राची संस्था, २००६ पासून, तिथं बारावीनंतर पाच वर्षांचं बीएस-एमएस. त्यांची स्वतःची परीक्षा आहे, आयएटी, आणि तिच्यात फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजी प्रत्येकी १५ प्रश्न असतात. म्हणून अकरावीला बायोलॉजी सोडून देऊ नका, फिजिक्सवाली पोरं हमखास सोडतात आणि मग बेडकाच्या एका प्रश्नासाठी रडतात. माझ्या एका विद्यार्थ्यानं बायोलॉजीच्या जागी दुसरा विषय घेतला होता, मार्क सोपे म्हणून. पुढं त्याला आयसरच पाहिजे झालं. एक वर्ष गेलं त्याचं.

आणि एक. केंद्राची इन्स्पायर नावाची शिष्यवृत्ती आहे, बीएस्सी किंवा इंटिग्रेटेड एमएस्सी शुद्ध विज्ञानात करणाऱ्यांना वर्षाला ८०,००० रुपयांपर्यंत. ती मिळते कुणाला, तर मुख्यतः आपापल्या बोर्डात बारावीला पहिल्या १ टक्क्यात आलेल्यांना. बोर्डात! म्हणजे जी कंपनी तुम्हाला सांगत होती बोर्ड आम्ही मॅनेज करू, तुम्ही चिंता नका करू, त्या बोर्डाच्या मार्कांवर वर्षाला ८०,००० रुपये उभे राहू शकतात. ते ९२,००० देत बसायच्या ऐवजी.

शिकवणी घ्यायचीच असेल तर घ्या, मी विरोधात नाही. पण एका विषयाची घ्या, महिन्याच्या महिन्याला पैसे द्या, आणि ज्याला प्रश्न विचारता येतो अशा माणसाची घ्या. रेकॉर्ड केलेले सर कितीही मोठे असोत, मुलीचा चेहरा बघून त्यांना कळत नाही की हिला समजलेलं नाही. हाच कडकभाकरींचा मुद्दा आहे, फक्त खडू सोडून.

कडकभाकरी
खडू राहू द्या हो मास्तर 😄

शेंगाचटणी
मास्तर, रेकॉर्डेड विरुद्ध लाइव्हचं एवढं सरळ नाही. आमच्या मुलाला लाइव्हमध्ये चारशे पोरं होती, प्रश्न चॅटमध्ये टाकायचा, तो वर निघून जायचा. त्यापेक्षा रेकॉर्डेड बरं, थांबवून परत बघता येतं. मुलगा शेवटी बरणी भरून ठेवावी तसे व्हिडिओ डाउनलोड करून ठेवायचा आणि एकही बघायचा नाही, तो भाग वेगळा.

निवांत_मास्तर
चारशे पोरं म्हणजे लाइव्ह नव्हे, ती सभा. मान्य.

गड्डाप्रेमी
अकरावीची ॲडमिशन २०२५ पासून अख्ख्या राज्यात ऑनलाइन झालीय, सोलापूर पण आलं त्यात, तेव्हा रिझल्टच्या आधीच फॉर्मचा पहिला भाग भरून ठेवा आणि कॉलेजचे पसंतीक्रम लॅब बघून टाका. नेट कॅफेवाल्याच्या हातात पासवर्ड देऊ नका, आमच्याकडं त्यानंच पसंतीक्रम भरला होता, घराजवळचं कॉलेज शेवटच्या नंबरला.

तलावातला_मासा
आणि काका केगावला विज्ञान केंद्र आहे ना पुणे रोडला, तिथं घेऊन जा तिला सुट्टीत. मी शाळेत असताना गेलो होतो, तिथली चाकं आणि आरसे हातानं फिरवता येतात. टॅबवरच्या हृदयापेक्षा बरं.

टॉवेलवाला
ठरलं मंडळी. कॉलेज इथलंच, बोर्ड आपलंच, चारही विषय घेणार, बायोलॉजी सोडणार नाही (पोरगी बेडकाला घाबरते पण बघू). स्वयमवर नाव घालून दिलं, ओलॅब्स दाखवलं. ताई, त्या कंपनीचा काल परत फोन आला, म्हणे फक्त तुमच्यासाठी आता ३० टक्के सूट. सातरस्ता, तुमचं नाव बदलायची गरज नाही.

काल संध्याकाळी सेल आणि बल्ब आणले, पार्क चौकातून. तिनं सीरिजमध्ये जोडून एक काढला, दुसरा गेला. मग समांतर जोडून एक काढला, दुसरा राहिला. दोनदा नाही, दहा वेळा केलं तिनं ते. मग माझ्याकडं बघून म्हणाली म्हणजे बाबा गड्ड्यातली जुनी लाइटिंगची माळ एक बल्ब गेला की पूर्ण का जायची ते हे.

दोन कॉलेजं बघायचीत, एक शनिवारी, एक सोमवारी. शनिवारी आमच्याकडं पाणी यायचंय, म्हणजे त्यांच्याकडं पण आदल्या दिवसापर्यंत टाकी रिकामीच असणार, बेसिनचा नळ सोडून बघायला बरा दिवस आहे. मॅडम, टेस्ट ट्यूबबरोबर अजून काय बघू?

ब्युरेट_आणि_मी
स्पिरिटच्या दिव्याच्या वाती बघा. काळ्या झालेल्या पाहिजेत. आणि लॅब असिस्टंटला विचारा चहा कितीला घेता, आमचा चहा साडेतीनला, प्रॅक्टिकल चालू असेल तर चुकतो. जो सांगेल की रोज वेळेवर होतो, तिथं नाव घालू नका.